बुटांना तेल पाजलं, त्याची गोष्ट

माझ्यामुळे आजवर एकाही हरणाचा जीव गेलेला नाही.

हे मी अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून सांगत नाही. मी कोल्हापूरचा आहे, आणि मटणाच्या बाबतीत आमच्या घराण्यात कुणी कधी माघार घेतलेली नाही. उलट त्या शनिवारी आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात हरीण मिळावं म्हणून मी आठ आठवडे जिवाचं रान केलं होतं. माणूस पुरेसा अभ्यास करून आणि कंबर कसून कामाला लागला, तर केवढा घोळ घालू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमचं घर टॅला गावाच्या जरा पुढे, डोंगराच्या बाजूला. बायको शिल्पा डॉक्टर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे दिवसभर खुर्चीत. शेजारी नोएल राहतात. वय त्र्याहत्तर, बसगाड्यांचे निवृत्त मेकॅनिक, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. (इंग्रजीत मी त्यांना नुसतं नोएल म्हणतो, पण मराठीत लिहायला बसलो की हातातून आपोआप ‘अहो-जाहो’च उतरतं.) तरुणपणापासून ते दर हिवाळ्यात एका मित्राच्या रानात हरणाच्या शिकारीला जातात. रीतसर परवाना, रीतसर बंदूक. मिळालेल्या हरणातला एक मोठा तुकडा कुंपणावरून आमच्याकडे येतो आणि शिल्पाच्या हातचा रस्सा एका डब्यात परत जातो. हा व्यवहार आठ वर्षं सुरळीत चालू होता.

मागच्या हिवाळ्यात नोएल डोंगरात एकटेच असताना घसरले आणि गुडघा धरून दोन तास पडून राहिले. त्यांची मुलगी ऑर्ला लिमरिकला शिक्षिका आहे. ती गाडी हाणत आली आणि तिने बापाला वर्गातल्या पोरासारखं समोर बसवलं.

“एकटं जायचं नाही,” ती म्हणाली. “मोसमाच्या शेवटच्या शनिवारी कुणाला तरी बरोबर घेऊन जाऊन दाखवा. मी खाली गाडीत थांबेन. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीही जा. नाही तर बंदूक विकायची.”

नोएलचा शिकारीतला एक जोडीदार वारला होता आणि दुसरा स्पेनला जाऊन उन्हात बसला होता. आमच्या स्वयंपाकघरात चहा घेता घेता त्यांनी हे सगळं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. कप मात्र ते नुसता फिरवत होते. डोंगर सुटला तर या माणसाकडे टीव्ही आणि कुत्री एवढंच उरणार होतं.

“मी येतो,” मी म्हणालो.

“तू?” शिल्पा म्हणाली.

या एका अक्षरात आमच्या लग्नाची पंधरा वर्षं सामावली होती. बुलेटिन बोर्डावर लावलेला धावण्याचा तक्ता, गॅरेजमधली सायकल, गिटारचे पहिले तीन धडे, सगळं. त्याच क्षणी मी ठरवलं, की या वेळी कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही.

“बूट चांगले घे,” नोएल एवढंच म्हणाले. त्यांचे स्वतःचे बूट वीस वर्षांचे होते, जाडजूड, दर रविवारी ब्रश मारून मेण लावलेले.

आता बूट घ्यायचे म्हणजे दुकानात जाऊन बूट घेणं मला जमत नाही. मी आधी दोन आठवडे वाचन केलं. त्यातून मला कळलं, की जाड तळव्याचे बूट हीच मानवजातीची घोडचूक आहे. घातले की अनवाणी चालल्यासारखं वाटतं, असे बूट असतात म्हणे. तळवा भाकरीएवढा जाड, टाच नाही, बोटांना ऐसपैस जागा. पायाखाली काटकी आली तर मोडायच्या आधीच पायाला समजते. हरणामागे चोरपावलांनी जाणाऱ्याला याहून काय हवं? मी मऊ कातड्याचे, घोट्यापर्यंतचे, असले बूट मागवले आणि नोएलना दाखवायला नेले.

त्यांनी एक बूट हातात घेतला, घडी घातली, उलगडला, परत घडी घातली.

“याचा उरलेला भाग कधी येणार आहे?” त्यांनी विचारलं.

“एवढाच असतो.”

“ग्रँड,” नोएल म्हणाले. आयरिश माणूस ‘ग्रँड’ म्हणतो तेव्हा काहीही ग्रँड नसतं, हे मला आठ वर्षांनंतर तरी समजायला हवं होतं.

असले बूट एकदम घालून डोंगर चढायचा नसतो, पायांना सवय करावी लागते. म्हणून मी रोज स्टेशनवरून ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसपर्यंत ते घालून चालू लागलो. पहिल्या आठवड्यात फरशीचा प्रत्येक सांधा तळव्याला स्वतंत्रपणे कळत होता. दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या भरून आल्या, की मी जिना उलटा उतरत होतो. शिल्पाने बोटाने पोटरी दाबून पाहिली, मी ओरडलो, आणि तिने कसलाही औषधोपचार न सुचवता चहा टाकला. पण मी हटलो नाही. सहाव्या आठवड्यात मी पार्किंगमधल्या खडीवर बिनआवाज चालत होतो. सिक्युरिटीवाला दोनदा दचकला.

बुटांची निगाही मी अगदी पुस्तकाप्रमाणे राखत होतो. पुस्तकच आलं होतं बरोबर, छोटंसं. चिखल ओल्या फडक्याने पुसा. आतला पातळ तळ काढून वेगळा वाळवा. कागद कोंबून सावलीत ठेवा. शिवणींवर मेणाचा हलका हात द्या. उष्णतेजवळ नेऊ नका. तेल लावू नका. शेवटच्या दोन ओळी ठळक होत्या. मला हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून तर जे झालं त्याला कसलीच सबब नाही.

शेवटच्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागला. मी पावसातच सराव केला (निर्धार!) आणि गुरुवारी संध्याकाळी पाहिलं तर बूट वाळून ताठ झाले होते. पंजा वाकत नव्हता. वाकवला की चामड्यावर पांढऱ्या रेघा पडायच्या. परवावर शिकार आली, आणि माझ्या हातात दोन लाकडं!

त्या वेळी आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बूट नाकाशी नेला.

“आरं, ह्ये वाळल्या भाकरीगत झालंय की.”

“आप्पा, याला नुसतं मेण लावायचं असतं.”

“मेणानं काय हुतंय? पायताणाला तेल पाजल्याबिगर पाय घालायचा न्हाई. तुज्या आज्ज्यानं कदी घातला न्हाई.”

आता कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पटणारच. नवं पायताण आणलं की त्याला तेल पाजायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचं, मग ते लोण्यासारखं होतं आणि दहा वर्षं टिकतं. हे ज्ञान माझ्या रक्तात होतं. समोर ते पुस्तक होतं, कुठल्या तरी ऑफिसात बसून लिहिलेलं. त्या लेखकाने आयुष्यात कधी पायताण पाहिलं असेल का? मी पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं.

“बोटभर घे आनि वरनं चोळ,” आप्पा म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

घरात एरंडेल नव्हतं. खोबरेल थंडीने दगड झालं होतं. पण गॅसशेजारी कालच्या कांदाभज्यांचं उरलेलं तेल होतं, गाळून ठेवलेलं. तेल ते तेल. शिवाय बोटभर तेलाने चामडं मऊ होत असेल, तर वाटीभराने किती होईल, हा हिशेब कोणताही इंजिनिअर करेलच. मी वाटी घेतली, ब्रश घेतला आणि बुटांना तेल पाजलं. वरून, आतून, आणि मुख्य म्हणजे तळवा जिथे चामड्याला मिळतो त्या कडेने. पाणी तिथूनच आत शिरतं ना. त्या फटीत मी तीन-तीनदा ब्रश फिरवला.

राहिलं ऊन. फेब्रुवारीतल्या आयर्लंडमध्ये ऊन कुठून आणायचं? पण हॉट प्रेस होता. प्रेस म्हणजे इथे कपाट. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं जे उबदार कपाट असतं ते हॉट प्रेस. इथले लोक त्यात टॉवेल ठेवतात. आम्ही त्यात दही लावतो आणि मटकीला मोड आणतो. मी दह्याचं भांडं सरकवलं आणि बूट टाकीला टेकवून ठेवले.

शुक्रवारी आमची अकरा वर्षांची इरा हॉट प्रेसमध्ये ठेवलेला शाळेचा स्वेटर आणि दह्याचं भांडं घेऊन खाली आली.

“डॅड, माय जंपर स्मेल्स लाइक अ चिपर.”

चिपर म्हणजे मासे आणि बटाटे तळून विकणारं दुकान. मी तिला सांगितलं, की एका म्हाताऱ्या माणसाच्या सुखासाठी घरातल्या प्रत्येकाला थोडा त्याग करावा लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि दही तसंच टेबलावर ठेवलं. दह्यालाही भज्यांचा वास येत होता.

शनिवारी सकाळी बूट हातात घेतले आणि मला भरून आलं. काय मऊ! रुमालासारखे. पाय आत गेला तो कळलाही नाही. मी नोएलच्या जीपमध्ये जाऊन बसलो. माझ्या पाठीवर दोर आणि गुंडाळलेली प्लास्टिकची घसरगाडी होती. हरीण मिळालं की तिच्यावर ठेवून खाली ओढायचं. ऑर्ला तिच्या गाडीतून आप्पांना घेऊन मागाहून येणार होती. आप्पांना सूपचं आमिष होतं.

मागच्या सीटवर नोएलची कुत्री बेस होती. जखमी हरणाचा माग काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही, असं नोएल नेहमी सांगत. गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आत तिने माग काढला. दोन सीटमधून डोकं घालून ती माझा डावा बूट चाटू लागली.

“हिला काय झालंय?” नोएल म्हणाले.

“मी हिला आवडतो.”

“आजवर नाही आवडलास.”

डोंगरावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. नोएल पुढे, मधे मी आणि माझ्या टाचेला चिकटून बेस. खरं तर तिने नोएलच्या शेजारी चालायचं असतं. मी मात्र खुशीत होतो. पायाखालचं गवत, शेवाळ, दगड, सगळं समजत होतं. एकही काटकी मोडली नाही. नोएलनी दोनदा मागे वळून पाहिलं, मी आहे की नाही ते बघायला. एवढ्यात ते थांबले आणि त्यांनी हवेत नाक वर केलं.

“इथे वर कुणी स्वयंपाक करतंय का?” ते कुजबुजले.

“खालच्या घरातून येत असेल.”

“खालचं घर सहा किलोमीटरवर आहे.”

वारा समोरून आमच्याकडे येत होता, हे आमचं नशीब. एका चढावरून डोकं वर काढलं तर समोर, दीडशे पावलांवर, तीन हरिणी चरत होत्या. नोएल हळूहळू पोटावर झोपले. त्यांचा दुखरा गुडघा वाकताना मला दिसला, पण चेहऱ्यावर एक आठीही नव्हती. ते एकदम पन्नाशीचे वाटू लागले. त्यांनी बंदूक टेकवली आणि मला बोटाने खूण केली, की बस, हलू नको.

मी बसायला म्हणून डावा गुडघा टेकवला आणि डावा पंजा दुमडला.

चर्रर्र.

बुटाचा तळवा टाचेपासून सुटला आणि बोटांपाशी लोंबू लागला. भज्यांच्या तेलाने आणि टाकीच्या उबेने त्यातला डिंक दोन दिवसांत पार विरघळला होता. हरिणींनी कान वर केले. मी श्वास रोखला. नोएलनी श्वास रोखला. त्या परत चरू लागल्या. अजून काही बिघडलं नव्हतं. पण तो तेल प्यायलेला, खमंग तळवा सकाळपासून कुणी तरी आपल्याला द्यावा अशी जणू वाट बघत असलेल्या बेसच्या तोंडासमोर लोंबत होता. तिने तो दातांत धरला आणि ओढला. मी पाय ओढला. तिला हा खेळ वाटला. एक जोरदार हिसका, तळवा तिचा, आणि मी पाठीवर, घसरगाडीच्या प्लास्टिकवर, धडाम!

डोकं वर केलं तेव्हा बेस तोंडात तळवा घेऊन उतारावरून पळत होती, थेट त्या हरिणींच्या दिशेने. क्षणात समोरचा डोंगर रिकामा झाला.

नोएल उठून बसले. त्यांनी बंदुकीतून गोळी काढली, खिशात ठेवली, टोपी काढून डोकं खाजवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिथेच सगळं कबूल केलं. तेल, हॉट प्रेस, दही, सगळं.

“भजी म्हणजे काय?” त्यांनी शेवटी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“आपण अजून एक चक्कर मारू,” मी म्हणालो. “मी चालू शकतो. निम्मा तरी.”

आणि मी खरंच चाललो. डाव्या पायावर बुटाचा वरचा भाग, खाली मोजा, त्यावर दोर गुंडाळलेला. ऑर्लाला सगळं नीट दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शंभर पावलांवर उजवा तळवाही निघाला. तो मी स्वतःच, तोवर परत आलेल्या बेसला दिला. मग एका हिरव्यागार, सपाट जागेवर मी ऐटीत पाय ठेवला. ती जागा म्हणजे दलदल होती. मी कमरेपर्यंत आत गेलो, आणि आत कुठल्या तरी दगडावर घोटा मुरगळला.

नोएलनी माझ्या पाठीवरची घसरगाडी सोडवली, दोर माझ्या काखेतून घातला, पाय रोवले आणि मला उपटून बाहेर काढलं. मी उभा राहून पाहिलं. घोट्याने साफ नकार दिला.

“झोप,” ते म्हणाले.

“कुठे?”

त्यांनी घसरगाडीकडे बोट दाखवलं.

“नोएल, तुमचा गुडघा...”

“उतारच आहे. झोप.”

खालून ऑर्लाने आम्हाला दुर्बिणीतून पाहिलं ते असं: तिचे वडील, खांद्यावरून पट्टा घेतलेले, झाडोऱ्यातून दमदार पावलं टाकत येताहेत, आणि मागे घसरगाडीवर काही तरी मोठं, तपकिरी, चिखलाने माखलेलं. तिने आप्पांना खूण केली, दोन्ही हातांची शिंगं करून. आप्पा गाडीतून उतरले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला डोंगरावर ऐकू येत होत्या. मी हात हलवला, तेव्हा त्या थांबल्या.

आप्पांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी आधी बुटाचं उरलेलं चामडं उलटंपालटं करून पाहिलं.

“ह्याच्या तळव्याला शिवनच न्हाई?”

“नाही. चिकटवलेलं असतं.”

“मग तेल कशापाय पाजलंस? आपलं पायताण वादीनं शिवत्यात, त्येला डिंक कुटं असतोय? आनि म्या बोटभर म्हटलं हुतं.” त्यांनी वास घेतला. “ह्यो कांदा हाय?”

मी ऑर्लाकडे वळलो. बोलायचं सगळं मी घसरगाडीवर पाठ करत आलो होतो. “ऑर्ला, चूक सगळी माझी आहे. तुझ्या वडिलांची काही चूक नाही. बंदूक विकू नकोस.”

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वडिलांकडे बघत होती. ते गाडीला टेकून सूप पीत होते, गाल लाल, आणि जेमतेम धाप लागलेली. तिने त्यांचा गुडघा दाबून पाहिला.

“दुखतंय?”

“ग्रँड आहे.”

“याला कुठून आणलंत?”

“वरच्या दलदलीपासून. दीड-दोन किलोमीटर असेल.”

“वजन किती तुझं?” हे मला.

“ब्याऐंशी.”

“आणि हरीण केवढं असतं, बाबा?”

“याच्या निम्मं. आणि ते मधे मधे सूचना देत नाही.”

ऑर्लाने सूपचं झाकण लावलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही जा. फोन खिशात ठेवायचा आणि तासातासाला मला कळवायचं. आणि एक अट आहे.” तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “एकटे गेलात तरी चालेल, पण याला बरोबर न्यायचं नाही.”

त्या माणसासाठी मी आठ आठवडे पोटऱ्या झिजवल्या होत्या. निदान विचार करायला म्हणून तरी ते थांबतील, या आशेने मी त्यांच्याकडे पाहिलं. नोएलनी सूपचा घोटसुद्धा न गिळता अट मान्य केली.